रिकामा गाभारा, भरले ताट

नाशिकहून निफाडमार्गे येवल्याकडे निघाले की वाटेत विंचूर लागते. येथून एक रस्ता लासलगावाकडे फुटतो आणि कांद्याच्या गाड्यांची रीघ त्या दिशेने चाललेली दिसते. दोन्ही अंगांना काळी जमीन, तारांवर चढवलेले द्राक्षांचे वेल, आणि गावात सरदार विंचूरकरांच्या नावाचा दबदबा अजून सांगणारा वाडा. या घराण्याचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव. १७६१ साली पानिपतच्या रणात होते, तेथून जिवंत परतले आणि १७६७ साली वारले. पुण्यातला विंचूरकर वाडाही याच घराण्याचा. १८९४ साली लोकमान्यांनी तेथे सार्वजनिक गणपती बसवला आणि देव्हाऱ्यातला देव चौकातल्या चार माणसांत आणला, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

विंचुरासारख्या गावांतून फिरताना एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. किती घरांचे दरवाजे आता केवळ सणावारी उघडतात! माणसे नाशिकला गेली, पुण्याला गेली, मुंबईला गेली. जाताना त्यांनी वाडा नेला नाही, आड नेला नाही, अंगणातले वृंदावनही नेले नाही. देवांचे टाक मात्र रेशमी फडक्यात गुंडाळून नेले आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात फळीवर मांडले. मग खरे पवित्र स्थान कोणते? मागे राहिलेले, ओस पडलेले देवघर, की स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यांशेजारची ती फळी? शहरात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो, आणि आपण तो गणपती झाल्यावर विसरून जातो.

हाच प्रश्न दोन हजार वर्षे उराशी बाळगून जगलेली एक जमात आपल्याच मराठी मुलखात आहे. मराठी बोलणारी, आडनावापुढे ‘कर’ लावणारी, नऊवारी नेसणारी. ती म्हणजे कोकणातले ज्यू, स्वतःला ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलची लेकरे म्हणवणारे लोक.

विंचूरच्या शिवारात त्यांची आठवण होण्याचे कारण द्राक्षे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि त्यातून विंचूरला वाइन पार्क उभा राहिला. ज्यूंच्या घरी शुक्रवारी सूर्य मावळला की शाब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस सुरू होतो आणि द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद म्हटला जातो. तो रस त्यांच्या धर्मनियमाप्रमाणे केलेला हवा, आणि तसा रस कोकणात कोठून मिळायचा? बेने इस्राएलांच्या बायकांनी त्यावर साधा तोडगा काढला. काळे मनुके पाण्यात भिजत घालायचे, चुरायचे, गाळून त्याचे सरबत करायचे. जेथे द्राक्षे पिकत नाहीत तेथे मनुक्यावर भागवायचे, पण पेला रिकामा ठेवायचा नाही. या एका पेल्यात त्या धर्माची सारी रीत सामावलेली आहे. ती कशी, हे पाहायचे तर विंचूर सोडून घाट उतरायला हवा.

कसारा घाट उतरून आपण ठाण्याला येतो. येथे ‘शआर हशामाइम’ हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे, १८७९ सालचे. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे दार’. आज महाराष्ट्रातल्या ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती ठाण्यातच आहे. त्यांच्या इतर मंदिरांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. पुण्याचे ‘ओहेल दावीद’, म्हणजे दावीदाचा तंबू. अलिबागचे ‘मागेन अबोथ’, म्हणजे पूर्वजांची ढाल. पनवेलचे आणि रेवदंड्याचे ‘बेथ एल’, म्हणजे देवाचे घर. मुंबईत सर्वांत जुने ‘शआर हारहमिम’, म्हणजे दयेचे दार. तंबू, दार, ढाल, घर! सगळी माणसाच्या रोजच्या वापरातली नावे.

आपल्या लोकांनी मात्र या वास्तूंना आपापल्या मनाप्रमाणे नावे देऊन टाकली. पुण्याचे ओहेल दावीद १८६७ सालचे, डेव्हिड ससूनने बांधवलेले, लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे. पुणेकरांनी त्याचे ‘लाल देऊळ’ केले. मुंबईच्या शआर हारहमिमला लोक मशीद म्हणत, आणि मशीद स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. मशीद काय, देऊळ काय, ओळखीचा शब्द बहाल करून शेजाऱ्याला आपल्यात घेण्याची ही जुनी मराठी पद्धत आहे.

या मुंबईच्या मंदिराची कथा आपल्या नवसांच्या कथांसारखीच आहे. सॅम्युएल इझिकिएल दिवेकर नावाचा बेने इस्राएल शिपाईगडी इंग्रजांच्या फौजेत अंमलदार होता. म्हैसूरच्या लढाईत तो टिपूच्या कैदेत पडला. परंपरा सांगते की जीव वाचला तर देवासाठी घर बांधीन असे त्याने कबूल केले होते. तो सुटला आणि १७९६ साली त्याने ते बांधले. पुढच्याच वर्षी तो वारला. ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात.

आत गेल्यावर आपल्यासारख्याला प्रथम चुकल्याचुकल्यासारखे होते. डोळे सवयीने मूर्ती शोधतात आणि मूर्ती नसते. पश्चिमेच्या भिंतीत एक कपाट असते, त्यावर पडदा. त्याला ‘हेखाल’ म्हणतात. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोरा-ग्रंथाच्या गुंडाळ्या. भिंत पश्चिमेची, कारण कोकणातून यरुशलेम पश्चिमेला. छतापासून काचेचे दिवे लोंबतात आणि हेखालासमोर एक दिवा सतत तेवत असतो. मधोमध कठड्याचा चौथरा, तेथे उभे राहून प्रार्थना म्हणायची. जवळच एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली. ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया प्रेषिताची. तो कधीही येईल, त्याला बसायला जागा हवी!

हे रिकामेपण आजचे नाही. यरुशलेमात त्यांचे एकच एक मंदिर होते. पहिले शलमोन राजाने बांधले, ते इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या फौजांनी जाळले. दुसरे त्याच जागी उभे राहिले. त्याच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात वर्षातून एकच दिवस, एकच माणूस, म्हणजे मुख्य पुरोहित, पाऊल टाकू शके. इसवी सनापूर्वी ६३ साली रोमन सेनापती पाँपी जय मिळवल्याच्या तोऱ्यात त्या गाभाऱ्यात शिरला. आत मोठी सोन्याची मूर्ती असेल असे त्याला वाटले असावे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार लिहून गेला आहे की आत काहीच नव्हते. गाभारा रिकामा होता. देवाला आकार नाही, हे सांगण्याची त्या लोकांची ती पद्धत.

गाभारा रिकामा, पण बाहेरच्या वेदीवर रोज अर्पणे चालत. पशूंची असत, धान्याचीही असत. धान्याच्या अर्पणाला ‘मिनहा’ म्हणत. सपीट, तेल, धूप आणि मीठ. मिठावाचून कोणतेच अर्पण चालत नसे. ज्याला पक्ष्यांची जोडीही परवडत नसे त्या गरिबासाठी धर्मग्रंथात सवलत होती: त्याने मूठ-पसा पीठ आणावे, तेही तितकेच मान्य. या सगळ्या अर्पणांना मिळून त्यांचा शब्द ‘कोर्बान’. आपल्याकडे अरबीतून आलेला ‘कुर्बानी’ हा त्याचाच भाऊबंद. आपण कुर्बानी म्हणजे बळी, त्याग असे समजतो. पण हिब्रू धातूचा मूळ अर्थ ‘जवळ येणे’ असा आहे. जे घेऊन माणूस देवाजवळ जातो ते कोर्बान. आपल्या ‘उपासना’ शब्दाची फोड करून पाहावी: उप म्हणजे जवळ, आसन म्हणजे बसणे. हजारो कोसांवरच्या दोन भाषांनी देवाशी वागण्याची रीत एकाच शब्दाने सांगावी, ही केवढी मौज!

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते दुसरे मंदिरही जमीनदोस्त केले. धर्माची अट अशी होती की अर्पण त्या एका वेदीखेरीज दुसरीकडे करायचेच नाही. वेदी गेली तेव्हा अर्पण गेले. आता देवाजवळ जायचे कसे? त्यांच्या ग्रंथांत एक आख्यायिका आहे. मंदिराचे भग्नावशेष पाहून एक गुरू रडू लागला की आपली पापे धुऊन काढणारी जागाच नाहीशी झाली. बरोबरच्या योहानान बेन झक्काई या वडीलधाऱ्या गुरूने त्याचे सांत्वन केले ते असे, की प्रायश्चित्ताचा तितकाच थोर दुसरा मार्ग आपल्यापाशी शिल्लक आहे, तो म्हणजे माणसाने माणसावर केलेली दया. दुसऱ्या एका ठिकाणी म्हटले आहे की पूर्वी जे काम वेदी करी ते आता ज्याच्या त्याच्या जेवणाच्या पाटाचे. गरिबाला त्या पानावर घास मिळाला की अर्पण पोचले.

तेव्हापासून प्रार्थनांच्या वेळा अर्पणांच्या वेळांवरून ठरल्या. दुपारच्या प्रार्थनेला अजूनही ‘मिनहा’च म्हणतात. शाब्बाथच्या रात्री घरधनी भाकर मोडतो ती मिठाला लावून वाटतो, कारण वेदीवर मीठ लागे. कणीक मळताना गृहिणी एक गोळी बाजूला काढून विस्तवात टाकते. आपल्याकडे पानावर बसल्यावर चित्राहुती घालतात, त्याची आठवण व्हावी. असे ते पुरोहितांचे भव्य मंदिर विरघळून घराघरांच्या स्वयंपाकघरात उतरले. त्यांच्या मते देवाने पहिल्याने पवित्र केली ती एखादी जागा नव्हे. त्याने सातवा दिवस पवित्र केला. दिवस कोणी जाळू शकत नाही, आणि तो बरोबर न्यायला गाडीही लागत नाही.

आता पनवेल, पेण मागे टाकून अलिबागेस यावे. येथल्या इस्राएल आळीत १८४८ साली स्थापन झालेले मागेन अबोथ आहे. या भागातल्या बेने इस्राएलांचा पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. देवळाचा ग्रंथ विसरला गेला, हिब्रू विसरली गेली, तरी शनिवार विसरला नाही! सणांनाही त्यांनी आपली मराठी नावे दिली. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो दारफाळणीचा सण. आणि यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या दिवशी जो उपास करायचा, तो बिर्ड्याचा रोजा! यरुशलेमच्या मंदिराचा शोक कोकणातल्या वालाच्या बिरड्याने पाळला जाई, हे वाचून हसू येते आणि लगेच डोळ्यांत पाणीही येते. जमातीचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या चालीरीतींचा इतिहास लिहून ठेवला, तो १९३७ साली छापला गेला. आडनाव केहिमकर, म्हणजे मूळ किहीमचे.

या आळीत एके काळी किती वर्दळ असेल! स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. १९४८ नंतर कुटुंबांमागून कुटुंबे इस्रायलला गेली. आता भारतात उरले ते काही हजार. सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष हवेत असा परंपरेचा नियम आहे. त्याला ‘मिनियान’ म्हणतात. वास्तू कितीही देखणी असो, दिवे कितीही लखलखीत असोत, दहावा माणूस आल्यावाचून हेखालातला ग्रंथ वाचायला निघत नाही. नऊ जण बसले आहेत आणि रस्त्याकडे पाहत आहेत, असा प्रसंग कोकणातल्या लहान गावांना नवा राहिलेला नाही. आपल्याला हा नियम जाचक वाटेल. पण त्यातली खोच पाहावी. भिंतींना पावित्र्य देणारी दहा साधी माणसे आहेत. त्यांत कोणी पुजारी असण्याची गरज नाही. तेली चालेल, सुतार चालेल, पेन्शनीत निघालेला कारकून चालेल.

अलिबागेहून थोड्याच अंतरावर खंडाळे गाव आहे. बोरघाटातले खंडाळा ते हे नव्हे. या परिसरात एका खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी अग्निरथातून येथे उतरला आणि येथूनच स्वर्गाला गेला, त्याच्या रथाच्या व घोड्यांच्या टापांचे हे ठसे, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा. जागेचे नावच ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’. त्यांच्या शेवात महिन्यात, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, झाडांचा नववर्षदिन येतो. त्या सुमारास मुंबई-ठाण्याहून कुटुंबे येथे येतात. फळे आणतात, नवस बोलतात, नवस फेडतात.

एवढ्या निराकार धर्मात खडकाचे कौतुक कसे, असा प्रश्न पडेल. पण ज्यूंच्या धर्मग्रंथात त्याला जुना दाखला आहे. त्यांचा पूर्वज याकोब प्रवासात उघड्यावर, धोंडा उशाला घेऊन झोपला. स्वप्नात त्याला स्वर्गापर्यंत गेलेली शिडी दिसली. जागा झाल्यावर तो दचकला की देव येथे होता आणि आपल्याला पत्ताही नव्हता. मग त्याने उशाचा धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतले आणि त्या जागेला नाव दिले बेथ एल. पनवेलच्या आणि रेवदंड्याच्या मंदिरांचे तेच नाव! धोंड्यावर तेल ओतणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. शिवेवरचा म्हसोबा पाहिलेल्याला ती भाषा येतेच. फरक इतकाच, की याकोबाने धोंड्याला देव मानले नाही. देव भेटल्याची खूण म्हणून तो उभा केला.

येथे आणि घरोघर जे अर्पण करतात त्याला ‘मलिदा’ म्हणतात. ठाण्याला एका स्नेह्यांच्या नव्या घराच्या प्रवेशाला तो पाहण्याचा योग आला. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात खोवलेला नारळ आणि साखर, वेलदोड्याची पूड, बदामाचे काप. वर खजूर, केळी, सफरचंद, अशी पाच फळे आणि एक टपोरा गुलाब. पुरुषांनी डोक्याला टोप्या घातल्या, हिब्रूत एलियाहूचे गीत म्हटले, फळांचा, पोह्यांचा, सुगंधाचा वेगवेगळा आशीर्वाद उच्चारला. आमच्याकडच्या सत्यनारायणाच्या सवयीने मी त्या घरच्या आजींना विचारले,

“हा देवाला नैवेद्य का?”

“नैवेद्य नव्हे हो, भाऊ,” आजी म्हणाल्या, “देव कशाला जेवतो? हे आभार आहेत. एलियाहू हन्नाबीचं नाव घ्यायचं, बेराखा म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं. ताट रिकामं झालं की पोचलं.”

दोन हजार वर्षांपूर्वी त्या गुरूने आपल्या रडणाऱ्या सोबत्याला जे सांगितले तेच आजी पोहे वाढता वाढता सांगून गेल्या. धान्याच्या त्या प्राचीन ‘मिनहा’ची खूण मलिद्यात पाहण्याचा मोह होतो. सपिटाच्या जागी पोहे आले, तेलाच्या जागी नारळ आला. कोकणच्या मातीने जे दिले ते देवाजवळ जाण्याचे साधन झाले. इराणपासून भारतापर्यंत मलिदा हा शब्द मुसलमानांतही चालतो, आपल्या खेड्यांत पीर-फकिरांपुढेही ठेवतात. शेजाऱ्याचा शब्द, कोकणचे भात, आणि आशीर्वाद मात्र यरुशलेमचा!

किहीमच्या शेजारी, समुद्रकाठी नवगाव आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत येथे फुटले; सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना येथेच पुरले. त्या दफनभूमीत आता स्मारक उभे आहे. वाचलेल्यांपाशी ग्रंथ उरला नव्हता, पुरोहित नव्हता. पाठ होती ती ‘शेमा’, देव एकच असल्याची त्यांची मूळ प्रार्थना, आणि आठवणीत होता शनिवार. तेवढ्या सामग्रीवर एक धर्म शतकानुशतके तगला. येथे उभे राहून लाटांकडे पाहिले म्हणजे देवळांच्या शिखरांचा थोडा विसर पडतो.

या कथेला अलीकडचा एक उपसंहार आहे. इस्रायलला गेलेल्या या मराठी माणसांना तेथे पहिल्याने मानाचे पान मिळाले नाही. काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका काढली. त्यांना झगडावे लागले, आणि १९६४ साली तेथील सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात २०१६ साली शासनाने ज्यूंना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. दोन्हीकडे कागद मिळाला. त्यांचे ताट मात्र कागदाची वाट पाहत थांबले नव्हते.

आज दिमोना, अश्दोद, बीरशेबा या गावांत मराठी बोलणारी बेने इस्राएल कुटुंबे आहेत. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालवले. खंडाळ्याचा खडक त्यांना दूर पडला, म्हणून ते हैफाला कार्मेल डोंगरावरच्या एलियाच्या गुहेशी जाऊ लागले. ज्या यरुशलेमकडे तोंड करून त्यांच्या पणज्यांनी प्रार्थना म्हटल्या ते आता बसने जाण्याच्या अंतरावर आहे. मंदिर अजूनही उभे नाही. जुन्या मंदिराच्या आवाराची पश्चिमेची भिंत तेवढी आहे. आणि त्या पवित्र भूमीत लग्न ठरले, मूल झाले, घर बांधले, की कोकणची लेक मोठे ताट घेते, पोहे निवडते, धुते, निथळत ठेवते आणि नारळ खोवायला बसते.